कार्ल शिलर आणि ‘समन्वित कृती’

पश्चिम जर्मनीच्या युद्धोत्तर पुनरुत्थानाचे श्रेय लुडविग एरहार्ड यांना दिले जाते, व ते अयथार्थ नाही. परंतु त्या पुनरुत्थानास १९६६-६७ साली पहिली खीळ बसली, तेव्हा अर्थखात्याची सूत्रे प्रा. कार्ल शिलर यांच्या हाती होती.

शिलर यांचा जन्म १९११ साली ब्रेस्लाऊ येथे झाला. जर्मनीतील रोजगारनिर्मिती व वित्तव्यवस्था हा त्यांच्या हायडेलबर्ग येथील प्रबंधाचा विषय होता. १९३७ साली ते नाझी पक्षाचे सभासद झाले. चरित्रकाराने ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. युद्धानंतर ते सोशल डेमोक्रॅटिक पक्षात आले. हॅम्बुर्ग विद्यापीठात ते प्राध्यापक व पुढे कुलगुरू झाले, आणि १९६१ ते १९६५ या काळात त्यांनी पश्चिम बर्लिनचे अर्थखाते सांभाळले.

डिसेंबर १९६६ मध्ये ते संघराज्याचे अर्थमंत्री झाले. वस्तूंच्या किमती बाजाराने ठरवाव्यात, एकूण मागणीचे नियमन मात्र शासनाने करावे, अशी त्यांची भूमिका होती. जून १९६७ च्या स्थैर्य व विकासविषयक कायद्याने स्थिर किमती, उच्च रोजगार, परराष्ट्रीय व्यवहारांतील समतोल आणि अखंड विकास ही चार उद्दिष्टे शासनावर बंधनकारक केली. अर्थसंकल्पाचे खाते असलेल्या श्ट्राउस यांच्या साहाय्याने शिलर यांनी कर्ज काढून सार्वजनिक खर्च वाढविला. (दोघांच्या या जोडीला लोक विल्हेल्म बुश यांच्या चित्रकथेतील दोन कुत्र्यांच्या नावांनी ओळखत!) मंदी वर्षभरातच ओसरली.

खरी कसोटी पुढेच होती. ‘समन्वित कृती’ या नावाने शासन, मालक व कामगार संघटना यांच्या बैठका शिलर भरवीत, आणि मजुरीवाढीसाठी मार्गदर्शक आकडे तेथे मांडले जात. संघटनांनी संयम राखला. पण तेजी अपेक्षेहून प्रबळ ठरली व नफा मजुरीच्या कितीतरी पुढे गेला. सप्टेंबर १९६९ मध्ये डॉर्टमुंडच्या पोलाद कारखान्यात सुरू झालेले संप संघटनांना न विचारताच इतरत्र पसरले. या संपांना शिलर यांच्या गणितातील चुकीचे फळ म्हणणे अपुरे होईल. मजुरीला आकड्यांची मर्यादा सुचविता येत होती. नफ्याला तशी मर्यादा घालण्याचे साधन त्या व्यवस्थेत नव्हतेच.

मार्कचे मूल्य वाढवावे हा शिलर यांचा आग्रह चॅन्सेलर कीसिंगर यांनी निवडणुकीपर्यंत मानला नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये, ब्रांट यांच्या शासनात, डॉलरचा दर ४ मार्कांवरून ३.६६ मार्कांवर आणण्यात आला. १९७१ साली शिलर यांच्याकडे अर्थ व वित्त ही दोन्ही खाती आली. मात्र परकीय भांडवलाच्या ओघावर निर्बंध घालण्यास त्यांचा विरोध होता. विनिमयदर मोकळा सोडावा, असे त्यांचे मत होते. मंत्रिमंडळाने निर्बंध स्वीकारले. खर्चकपातीवरूनही सहकाऱ्यांशी त्यांचे बिनसले होते. जुलै १९७२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि लवकरच पक्षही सोडला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत बाजारव्यवस्थेच्या रक्षणार्थ वृत्तपत्रांत ज्या जाहिराती झळकल्या, त्यांवर शिलर यांच्या जोडीला नाव होते लुडविग एरहार्ड यांचे. १९८० साली ते पुन्हा स्वपक्षात परतले. १९९४ साली हॅम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले.