अमेरिकेतील शालेय ग्रंथपालांचा रोजगार : घटत्या पदांचा इतिहास

अमेरिकेत शालेय ग्रंथपालांची पदे का घटली, या प्रश्नाला २००८ च्या आर्थिक मंदीचे उत्तर सहज दिले जाते. ते अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ब्रुकलिन येथील इरॅस्मस हॉल हायस्कूलमध्ये १९०० साली मेरी किंग्जबरी यांची नेमणूक झाली. व्यावसायिक प्रशिक्षण घेतलेल्या त्या पहिल्या शालेय ग्रंथपाल मानल्या जातात. पुढे १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण अधिनियमाने शालेय ग्रंथालयांना संघीय निधी मिळाला; तथापि तो मुख्यतः ग्रंथ व शैक्षणिक साहित्याच्या खरेदीसाठी होता. कपाटे भरली, परंतु ती उघडणाऱ्याचे वेतन राज्ये व स्थानिक शिक्षण-जिल्हे यांच्या इच्छेवर राहिले. नंतरच्या अस्थैर्याचे एक मूळ येथे दिसते.

कीथ करी लान्स व डेब्रा कॅचेल यांनी शासकीय आकडेवारीच्या आधारे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २००९-१० ते २०१८-१९ या काळात शालेय ग्रंथपालांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी घटली. याच काळात प्रशासक व अध्यापन-समन्वयक यांची संख्या मात्र वाढली. केवळ तिजोरी रिकामी असती, तर ही पदे वाढली नसती. म्हणजे प्रश्न पैशाइतकाच अग्रक्रमाचा होता. २०१८-१९ मध्ये दहांपैकी जवळजवळ तीन शिक्षण-जिल्ह्यांत एकही ग्रंथपाल नव्हता; गरीब व अल्पसंख्य विद्यार्थ्यांचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांना ही उणीव विशेष जाणवली.

या आकड्यांचे वाचन सावधपणे करावे लागते. मोजणी व्यक्तींची नसून पूर्णवेळ-समतुल्य पदांची असते. दोन अर्धवेळ ग्रंथपाल मिळून एक धरले जातात. पाच शाळांत फिरणारा पूर्णवेळ ग्रंथपालही एकच. आपल्याकडील 'अर्धवेळ ग्रंथपाल' या पदनामाशी परिचित असलेल्या प्राध्यापकांना यातील मेख वेगळी सांगावयास नको. शिवाय प्रशिक्षित ग्रंथपालाच्या जागी साहाय्यक नेमला, तर ग्रंथालय बंद पडत नाही, केवळ एक पद नाहीसे होते. पालकांच्या दृष्टीने खोली उघडीच असते. त्यामुळे अशा कपातीविरुद्ध ओरड क्वचितच होते, आणि रिक्त झालेले पद पुन्हा भरण्याची मागणी करणारेही शाळेत कोणी उरत नाही.