उकिरड्यातला जीव काचेच्या पेटीत कसा गेला?

आजचा लेख पेट परीक्षा देऊन विषयाच्या शोधात असलेल्यांसाठी आहे. त्यातही "आमच्या गावाकडे संशोधन करण्यासारखं आहेच काय?" असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो जरूर वाचावा. मलाही तसंच वाटायचं.

माझं गाव पाथर्डी तालुक्यात, गर्भगिरीच्या डोंगररांगेजवळ. घरामागे उकिरडा. शेण, गोठ्यातला केर, कडब्याचा उरलासुरला चगळ, चुलीची राख, सगळं तिथं. कडेचा दगड उचलला की खाली राखाडी, चपटे, बोटाच्या पेरापेक्षाही लहान जीव पळापळ करायचे. आजी त्यांना नुसतं 'किडे' म्हणायची. ते कीटक नाहीत, खेकड्या-कोळंबीच्या गोतावळ्यातले आहेत, हे मला एम.एस्सी.ला कळलं. यांचं नाव आयसोपॉड, म्हणजे सारख्या पायांचे. पायांच्या सात जोड्या असतात. श्वासाचे अवयव पोटाखाली असतात आणि ते ओलसर राहावे लागतात. मादी अंडी पोटाखालच्या पाणीदार पिशवीत सांभाळते. समुद्र सोडून जमिनीवर आले, पण थोडं पाणी सोबत घेऊन आले, असं समजा.

आता गंमत बघा. आज जगभर हौशी लोक आयसोपॉड पाळतात. 'पावडर ऑरेंज' नावाने विकला जाणारा त्यातला एक लोकप्रिय प्रकार म्हणजे पोर्सेलिओनाइड्स प्रुइनोसस या जातीचं नारिंगी रूप. ही जात ब्रांट या शास्त्रज्ञाने १८३३ मध्ये नोंदवली. माणसाच्या वस्तीबरोबर ती जगभर पसरली आणि शेणखताचे ढीग ही तिची आवडती जागा. म्हणजे एकाच्या उकिरड्यातला जीव दुसऱ्याच्या दिवाणखान्यातल्या काचपेटीत पैसे मोजून येतो. हा प्रवास कसा झाला, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

पहिला टप्पा औषधाचा. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात हे जीव वाळवून, कुटून कावीळ, दमा असल्या आजारांवर देत. लंडनच्या अधिकृत औषधकोशातही त्यांना जागा होती. दुसरा टप्पा नावं देण्याचा. लिनियसने १७५८ मध्ये 'ओनिस्कस' हे नाव वापरलं, लात्रेयने १८०४ मध्ये आणखी जाती नोंदवल्या, आणि १८८५ मध्ये बुडे-लुंड याने जमिनीवरच्या आयसोपॉडवर मोठा ग्रंथ काढला. भारतातले नमुने कोलिंज या इंग्रज अभ्यासकाने तपासले. त्याच्या लेखमालेचा पहिला भाग १९१४ मध्ये कलकत्त्याच्या 'रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम'मध्ये आला. त्याच्या शीर्षकातच 'मद्रास प्रांत' आहे. इथे थांबा आणि विचार करा. नकाशावर ठिपका कुठे पडतो? प्राणी असतो तिथे नव्हे, तर गोळा करणारा पोचतो तिथे. तुमच्या तालुक्यावर ठिपका नसेल, तर त्याचा अर्थ 'तिथे काही नाही' असा काढू नका.

या दोन्ही टप्प्यांत प्राणी बहुतेक मेलेलाच हवा असायचा. कुटायला मेलेला, बाटलीत ठेवायलाही मेलेला. जिवंत ठेवायची गरज पडली ती प्रश्न बदलला म्हणून.

शिकागोच्या ॲली याने १९२६ मध्ये एक साधा प्रश्न घेतला: हे जीव एकमेकांना चिकटून घोळका का करतात? कोरड्या जागी घोळक्यात राहिलं की अंगातलं पाणी सावकाश जातं, एकट्याचं लवकर जातं, असं त्याला दिसलं. पुढे 'ॲली परिणाम' म्हणून जी कल्पना आपण परिसंस्थाशास्त्रात शिकतो, त्या विचाराच्या मुळाशी असलेल्या कामांपैकी हे एक.

तुलूझच्या आल्बेर व्हँडेलने उलट केलं. त्याने आर्माडिलिडियम वल्गेर जातीच्या प्रत्येक मादीची पिल्लं वेगळी वाढवली आणि मोजली. काही माद्यांना जवळजवळ सगळ्या मुलीच होत होत्या, आणि हे गुण आईकडून लेकीकडे जात होते. त्याने हे १९४१ मध्ये छापलं. कारण मात्र कळेना. १९७३ मध्ये प्वातिये इथल्या संशोधकांना अशा माद्यांच्या पेशींत जिवाणू दिसले. हे जिवाणू नराची जनुकं असलेल्या पिल्लालाही मादी बनवतात. १९९२ मध्ये डीएनएवरून कळलं की हे वोल्बाकिया आहेत. वोल्बाकिया तर १९२४ मध्येच डासात सापडला होता! म्हणजे उत्तराचा एक तुकडा प्रश्नाच्या आधीच छापून पडला होता. संदर्भवाचन करताना आपल्या प्राण्यापुरतं वाचू नका, हे मी गाईडचं बोलणं म्हणून ऐकलं होतं. पटलं ते इथे.

आणि मुख्य मुद्दा. व्हँडेलने सगळ्या माद्या एकाच डब्यात ठेवल्या असत्या तर? सगळ्यांची पिल्लं मिसळली असती आणि कोणत्या आईला काय झालं ते कधीच दिसलं नसतं. डबा कसा लावायचा, हे ठरवताना तुम्ही कोणता प्रश्न विचारता येईल हेही ठरवत असता.

हे वाचून मी काय केलं? पहिल्या वर्षी उकिरड्यातून वीस माद्या आणल्या आणि व्हँडेलच्या थाटात वीस डब्यांत एकेक ठेवली. महिना एप्रिल. तळाला गाळणकागद, तो शुक्रवारी भिजवला आणि मी गावी गेलो. सोमवारी कागद कडकडीत वाळलेले आणि वीसच्या वीस मेलेल्या. मी व्हँडेल वाचला होता, ॲली वाचला नव्हता. एकटं ठेवायचं तर घोळक्याची सोय डब्याने भरून काढावी लागते: अर्धा भाग ओला, अर्धा कोरडा, म्हणजे जीव आपली जागा आपण निवडतो. त्याहून वाईट म्हणजे माझी वही. त्या दिवशी मी फक्त "सर्व मृत" एवढंच लिहिलं. तापमान नाही, आर्द्रता नाही, कुणाच्या पोटाखाली अंडी होती का तेही नाही. वीस जीव गेले आणि त्यातून एक आकडाही हाती लागला नाही. आजही ते पान मी मुद्दाम उघडून बघतो.

दुसऱ्या खेपेला मी फार स्वच्छता केली. रोज विष्ठा काढायचो. मग वीझरचा १९६६ चा लेख वाचला. या प्राण्यांच्या रक्तात तांबं असतं. पानातलं तांबं एका खेपेत पचत नाही, म्हणून ते स्वतःची विष्ठा पुन्हा खातात. मी ज्याला घाण समजून फेकत होतो ते त्यांचं अन्न होतं.

आपल्या देशातलंही उदाहरण घ्या. जी. ए. नायर यांनी दिल्ली परिसरातल्या पोर्सेलिओ लीव्हिसच्या प्रजननाचा आणि संख्येचा अभ्यास केला. तो १९८४ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या परिसंवाद-ग्रंथात आला. अगदी साधा, घराच्या आसपास मिळणारा प्राणी.

हौशी लोकांचा टप्पा शेवटी आला. युरोप-अमेरिकेत विषारी रंगीत बेडूक पाळणारे त्यांना खाऊ म्हणून ट्रायकोऱ्हायना टोमेन्टोसा ही छोटी पांढरी जात वाढवत. ती पेटीतली पानं आणि विष्ठाही संपवते, असं दिसल्यावर ती सफाई कामगार झाली. मग आयसोपॉड स्वतःच पाळीव झाले. गेल्या दहाएक वर्षांत थायलंडच्या चुनखडीच्या भागातून आलेला, पिवळ्या तोंडाचा 'रबर डकी' फार गाजला. पण तो विकला जातो 'क्युबारिस, जात अनिश्चित' म्हणून. शास्त्राने नाव देण्याआधी बाजाराने दिलं! विक्रीच्या चिठ्ठीवरचं नाव पुरावा म्हणून वापरू नका, आणि जंगलातून वा गुहेतून उचललेल्या जिवाची हौस करण्याआधी दोनदा विचार करा. आपल्याकडे जैविक विविधता कायदा, २००२ आहे. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर नियम आधी वाचा. ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवहीही एकदा मागून बघा. त्यात झाडं आणि पक्षी सापडतील, दगडाखालचे जीव आहेत का ते शोधा.

आता माझ्या उकिरड्याबद्दल. दरवर्षी वैशाखात खत शेतात जातं, म्हणजे वसाहत उधळते आणि पावसाळ्यात पुन्हा जमते. एका अर्थी उकिरडा हा आमच्या घराने न ठरवता चालवलेला कल्चरचा डबाच. पण आमच्या घरचे बरेच जण दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही बैलजोडी विकली. शेण कमी झालं. ढीग गुडघ्याएवढा उरला. यंदा तिथला दगड उचलला तेव्हा खाली तीनच जीव होते. ढीग लहान झाला म्हणून की नुसती वेळ चुकली, हे सांगायला मला जुने आकडे हवेत. आणि ज्या वर्षी ते सहज घेता आले असते, त्या वर्षीच्या वहीत दोनच शब्द आहेत.

म्हणून सांगतो, विषय ठरायची वाट बघू नका. आजच घरामागचा एक दगड उचला, तारीख घाला, मोजा, आणि दगड होता तसा परत ठेवा.