दैवी आरोग्यदान : ख्रिस्ती विचार

परमेश्वराच्या कृपेने आणि प्रार्थनेच्या द्वारे आजारी माणूस बरा होतो, या ख्रिस्ती श्रद्धेला दैवी आरोग्यदान म्हणतात. येशूच्या सेवाकार्याच्या वर्णनात शुभवर्तमानांनी आजाऱ्यांना फार मोठी जागा दिली आहे : कुष्ठरोगी, आंधळे, पक्षाघाती, बारा वर्षे रक्तस्रावाने खंगलेली स्त्री, बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडलेला अडतीस वर्षांचा जुना रोगी. या कथा म्हणजे येशूच्या सामर्थ्याचे पुरावे, असे मानण्याचा प्रघात जुना आहे आणि त्याला काही आधारही आहे. पण कथा बारकाईने वाचल्या की त्यांच्या मुळाशी सामर्थ्याहून कळवळा अधिक ठळक दिसतो. प्रार्थनेला काळवेळ का नसते आणि औषधोपचाराशी तिचे वैर का नसावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या कळवळ्यातच आहेत.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी घ्या. मोशेच्या नियमशास्त्रानुसार अशा माणसाने वस्तीबाहेर राहायचे आणि आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगायचे. तो येशूपुढे गुडघे टेकतो, तेव्हा येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि मग बरा करतो. या स्पर्शाची तशी गरज नव्हती. शताधिपतीच्या, म्हणजे शंभर सैनिकांवरील अधिकाऱ्याच्या, चाकराला येशूने दुरूनच बरे केले. कुष्ठरोग्याला मात्र त्वचा शुद्ध होण्याइतकीच माणसाच्या हाताचीही गरज होती, आणि तो हात त्याला बरा होण्याआधी मिळाला. पुढे त्याच माणसाला येशू ही गोष्ट कोणाला न सांगण्याची सक्त ताकीद देतो. परूशी या यहुदी पंथाचे लोक आकाशातून चिन्ह दाखव म्हणून अडून बसतात, तेव्हा त्यांना साफ नकार देतो. ज्याला केवळ आपले सामर्थ्य सिद्ध करायचे आहे, तो असे वागणार नाही. मागणी झाली की चमत्कार नाकारणारा आणि दुःख दिसले की थांबणारा, असा हा येशू आहे.

कळवळ्याला मुहूर्त लागत नाही, हे लूकच्या तेराव्या अध्यायात दिसते. अठरा वर्षे कंबरेत वाकलेल्या एका स्त्रीला येशू शब्बाथ दिवशी सभास्थानात बरे करतो. सभास्थानाचा अधिकारी रागावतो : कामाला सहा दिवस आहेत, त्या दिवसांत येऊन बरे व्हा. त्याचे म्हणणे निर्दय समजून उडवून लावू नये. जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडण्याची मुभा यहुदी परंपरेत होतीच. अठरा वर्षांचे दुखणे आणखी एक दिवस थांबले असते, एवढाच त्याचा मुद्दा. येशूचे उत्तर गोठ्यातले आहे. तुम्ही शब्बाथालाही बैल नि गाढव दावणीचे सोडून पाण्यावर नेता, मग हिला बंधनातून सोडवायला उद्यापर्यंत का थांबावे? देव कोणत्याही दिवशी बरे करतो, हे एकदा मान्य केले की त्याला कोणत्याही घटकेला हाक मारता येते, हे ओघानेच येते. मध्यरात्री शेजाऱ्याचे दार ठोठावून भाकरी मागणारा मित्र आणि न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणारी विधवा, हे दोन्ही दाखले लूकनेच नोंदवले आहेत. नेमलेल्या वेळांना यामुळे कमीपणा येत नाही. ‘डिडाखे’ हा प्राचीन ख्रिस्ती ग्रंथ प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा करायला सांगतो, आणि मठांमधून दिवसाचे प्रहर प्रार्थनेने बांधले गेले. आता ‘अखंड प्रार्थना करा’ हा प्रेषित पौलाचा उपदेश अक्षरशः पाळणे कोणालाच शक्य नाही, हा आक्षेप रास्त आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने त्याचे उत्तर दिले : सत्कर्म प्रार्थनेला जोडले की सबंध जीवन हीच एक मोठी प्रार्थना होते. हे मानले तर रात्रपाळीत रुग्णाची कूस बदलणारी परिचारिका प्रार्थनेबाहेर राहत नाही.

सगळ्यात बोचरा आक्षेप वेगळाच आहे. देव कळवळ्याचा आहे, तर सगळेच बरे का होत नाहीत? याचे एक सोपे उत्तर काही उपदेशक देतात : रोग्याचा विश्वास कमी पडला. हे उत्तर क्रूर आहे आणि शास्त्राला धरूनही नाही. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. त्याने आपला सहकारी त्रफिम याला मिलेतात आजारी सोडले आणि दुसरा सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. यांपैकी कोणाच्याही विश्वासावर तो बोट ठेवत नाही. जन्मांध माणसाला पाहून हे कोणाच्या पापाचे फळ, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने तो हिशेबच मोडीत काढला. नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे तो फारसे काही करू शकला नाही, असे मार्क सांगतो खरे. पण तो अविश्वास गावाचा होता, अंथरुणावरच्या रोग्याचा नव्हे, आणि तिथेही काही आजारी बरे झालेच. छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या कथेत तर येशूला दिसला तो त्याला उचलून आणणाऱ्यांचा विश्वास. आजही वांद्र्याच्या मोत मावलीच्या, म्हणजे माता मरियेच्या, जत्रेत भाविक मेणाचे हात, पाय, बाळे वाहतात. आपले दुखणे हातात धरून मातेपुढे उभे राहण्याची ती रीत आहे. त्या मेणाकडे बरे होण्याचे मोल म्हणून पाहिले, तर मात्र कळवळ्याचा सौदा होतो. दुखणे का राहिले याचे पूर्ण उत्तर ख्रिस्ती विचाराजवळ नाही. दुखणेकऱ्याला दोषी धरू नये, एवढे मात्र निश्चित आहे.

प्रार्थनेची परीक्षा विज्ञानानेही घेतली आहे. अमेरिकेतील सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे माहीत नसलेल्या दोन गटांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले : प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के, न झालेल्यांत ५१. प्रार्थना होत असल्याचे ठाऊक असलेल्यांत ते ५९ टक्के होते. हा निकाल श्रद्धावंतांनी टाळू नये. अनोळखी माणसांनी ठरलेल्या दिवसांत केलेली प्रार्थना औषधाच्या मात्रेसारखी मोजता येईल असा परिणाम करत नाही, हे त्यातून दिसते. पण प्रार्थना ही मात्रा आहे, असा शुभवर्तमानाचा दावाच नाही. रानात सैतानाने मोह घातला, तेव्हा देवाची परीक्षा पाहायला येशूने नकार दिला होता. चर्चनेही या बाबतीत सावधगिरी बाळगली आहे. फ्रान्समधील लूर्द येथे १८५८ पासून यात्रेकरूंची रीघ आहे आणि बरे झाल्याचे हजारो दावे नोंदले गेले. डॉक्टरांच्या तपासणीनंतर चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास.

राहिला औषधाचा प्रश्न. कॅथलिक बायबलमधील बेन सिराच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात रोग्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जवळ करावे, असे सांगितले आहे. औषधी देवानेच जमिनीतून निर्माण केल्या आणि वैद्यही देवाकडेच यश मागतो, असे तो ग्रंथ मानतो. चौथ्या शतकात संत बाझिलने कॅपाडोशियातील कैसरियाबाहेर गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी जी वसाहत उभारली, तिची गणना पहिल्या मोठ्या रुग्णालयांत होते. महाराष्ट्रात हीच परंपरा मिरजेस आली. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले; पुढे तिथे कुष्ठरुग्णालयही झाले. कुष्ठरोग्याला केलेल्या त्या स्पर्शाचा वारसा या जागांनी चालवला. म्हणून औषध घेतले तर विश्वास ढळतो, असे सांगून रोग्याला डॉक्टरपासून दूर ठेवणारी प्रार्थना शुभवर्तमानातल्या कळवळ्याच्या विरोधात जाते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे हा गुन्हा ठरवला आहे. त्या कायद्याची भीती ख्रिस्ती माणसाने बाळगण्याचे कारण नाही, उलट त्याला पाठिंबाच द्यावा. प्रार्थना आणि उपचार एकत्र नांदतात, हे कॅथलिक चर्चच्या एका संस्कारातही दिसते. आजाऱ्यांना तैलाभ्यंग करण्याचा हा संस्कार नव्या करारातील याकोबाच्या पत्रातील सूचनेवर उभा आहे. कित्येक शतके तो मरणासन्न माणसापुरता उरला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पोप पॉल सहावे यांनी १९७२ मध्ये त्याचा विधी बदलला. आता तो गंभीर आजारी माणसाला केव्हाही, पुन्हा पुन्हा देता येतो आणि मोठ्या शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वीही घेता येतो.