अश्मरी आणि प्रतिध्वनि

मुतखड्याची कळ ही मनुष्याच्या फार जुन्या ओळखीची आहे. सुश्रुतसंहितेंत अश्मरीचें वर्णन आहे आणि शस्त्रानें मूत्राशय उघडून ती बाहेर काढण्याचा विधीहि सांगितलेला आहे. परंतु शरीर न उघडतां आंतला खडा पाहण्याचें साधन शेंकडों वर्षें वैद्याच्या हातीं नव्हतें. बोटांना जें लागेल, तेवढेंच त्याचें ज्ञान.

१८९५ सालीं राँटगेन यानें क्ष-किरण शोधून काढले आणि दुसऱ्याच वर्षीं ग्लासगो येथें जॉन मॅकिंटायर यानें मूत्रपिंडांतील खड्याचें छायाचित्र घेतलें. तथापि या किरणांनाहि मर्यादा होती. चुनखडीयुक्त खडे त्यांत उमटत, पण युरिक आम्लाचे खडे निसटत. मूत्रपिंडावरील गांठ ही पाण्यानें भरलेली निरुपद्रवी पिशवी आहे कीं घातक अर्बुद आहे, याचा निर्णय साध्या छायाचित्रावरून होत नसे. केवळ ही शंका फेडण्यासाठीं कित्येकांना शस्त्रक्रिया सोसावी लागे.

ही अडचण दूर केली ती किरणांनीं नव्हे, ध्वनीनें. आणि ती विद्या आली रणांगणावरून. १८८० सालीं पिएर व झाक क्यूरी या बंधूंनीं कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां वीज उत्पन्न होते असें दाखविलें. उलट, विजेच्या योगानें असा स्फटिक कंप पावतो. याच तत्त्वावर पहिल्या महायुद्धांत पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें कानाला ऐकूं न येणारा ध्वनि समुद्रांत सोडून पाणबुड्या हुडकण्याचें साधन सिद्ध केलें.

पुढें १९५८ सालीं ग्लासगो येथीलच इयान डोनल्ड, जॉन मॅकविकर आणि अभियंता टॉम ब्राउन यांनीं पोटांतील गांठींची ध्वनिपरीक्षा ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. त्यांचा मुख्य विषय स्त्रीरोग हा होता. पण हीच रीत मूत्रपिंडालाहि लागू पडली. स्वच्छ पाण्यांतून ध्वनि परत येत नाहीं, म्हणून पाण्याची पिशवी पडद्यावर काळी दिसते. मांसल गांठ आंतूनहि प्रतिध्वनि देते. खडा तर बहुतेक ध्वनि परतवून लावतो आणि त्याच्यामागें काळी सावली पडते. तेथें युरिक आम्लाचा खडाहि लपत नाहीं. मात्र मूत्रवाहिनीच्या मधल्या भागांतील बारीक खडा आंतड्यांतील वायूमुळें अजूनहि दृष्टीआड राहूं शकतो.

मूत्राशयाच्या तळाशीं असलेली पुरुषांची प्रॉस्टेट ग्रंथि पूर्वीं गुदमार्गानें बोटानेंच चांचपून पाहत. जपानच्या हिरोकी वातानाबे यांनीं ध्वनियंत्र त्याच मार्गानें तिच्यासन्निध नेलें आणि १९७१ सालीं तिचीं चित्रें प्रसिद्ध केलीं.

डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १८४२ सालीं सांगितलेल्या नियमामुळें वाहतें रक्तहि ध्वनीनें ओळखतां येऊं लागलें. एखाद्या मुलाच्या वृषणाला पीळ पडून रक्त तुटलें, तर तें वांचविण्यास सुमारें सहा तासच हातीं असतात. लाजेपोटीं दुखणें लपविलें, तर तेवढा अवधि सहज निघून जातो. चित्रांत प्रवाह खुंटलेला दिसला कीं निदानाला बळकटी येते. पण लक्षणें स्पष्ट असतां शहाणा शल्यवैद्य चित्रासाठीं खोळंबत नाहीं. प्रतिध्वनि वैद्याला वाट दाखवितो. वेळेचें भान मात्र रोग्याला आणि वैद्यालाच ठेवावें लागतें.