३१ जुलै : हेमू अधिकारी यांचा जन्म
क्रिकेटपटू लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र तथा हेमू अधिकारी पुण्यात जन्मले, १९१९ साली. उमेदीची वर्षे महायुद्धात गेली. कसोटीची टोपी मिळाली ती २८व्या वर्षी. लष्करी नोकरी सांभाळून ते २१ कसोट्या खेळले. १९५२मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध गुलाम अहमदसोबत शेवटच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. १९५८-५९मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध एकाच मालिकेत भारताचे चार कर्णधार झाले, त्यातले हे चौथे! सगळा सावळागोंधळच; यांनी मात्र कर्णधार म्हणून वाट्याला आलेल्या सामन्यात ६३ आणि ४० धावा काढून तो अनिर्णित राखला. खरी छाप पडली ती निवृत्तीनंतर. १९७१मध्ये इंग्लंडमध्ये मालिका जिंकणाऱ्या संघाचे ते व्यवस्थापक होते. क्षेत्ररक्षणाच्या सरावाला कवायतीची शिस्त. भारताच्या एकनाथ सोलकरने ओव्हलवर झेपावून टिपलेला इंग्लंडच्या ॲलन नॉटचा झेल त्याच दौऱ्यातला. पुढे राष्ट्रीय शिबिरांत कपिलदेवसारखी पोरे त्यांच्या हाताखालून गेली. निधन २५ ऑक्टोबर २००३, मुंबई.