शिकाऊ उमेदवारी, औरंगाबाद येथील

शिकाऊ उमेदवारी, औरंगाबाद येथील : व्यवसाय शिकणाऱ्या तरुणांना कसबाबरोबरच शिकवणी, देखरेख, निर्वाह व निवारा पुरविण्याच्या औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहरातील व्यवस्थेचा इतिहास. जुन्या हातमाग-कारखान्यात ही सर्व कामे एकटा उस्ताद करी. पुढे ती शासन, मालक आणि प्रशिक्षण संस्था यांत वाटली गेली. या वाटणीत उमेदवाराला जवळून मार्गदर्शन करण्याचे काम सर्वांत उपेक्षित राहिले.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेले खडकी हे गाव मोगल काळात औरंगाबाद या नावाने प्रसिद्धीस आले आणि हिमरू विणकामाचे केंद्र बनले. हिमरूमध्ये ताणा सुती व बाणा रेशमी असतो. जुन्या नक्षीच्या मागावर विणकर धोटा फेकी आणि साहाय्यक ठरावीक दोऱ्या ओढून ताण्याचे धागे उचलून धरी. हे काम बहुधा घरातील किंवा नात्यातील मुलाकडे असे. दोऱ्यांचा क्रम अंगवळणी पडला म्हणजे नक्षीचे गणितही उलगडत जाई. वेगळा लेखी पाठ नसे. शागिर्दाला खाऊपिऊ घालणे, चुकल्यास रागावणे व आजारपणात सांभाळणे ही उस्तादाची जबाबदारी मानली जाई. या नात्याचे उदात्तीकरण मात्र योग्य नव्हे. कसब सहसा कुळाबाहेर जात नसे, वेतन उस्तादाच्या मर्जीवर अवलंबून राही आणि अक्षरओळख नसलेला मुलगा आयुष्यभर हिशेबासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाही.

१८८९ मध्ये शहरात सूतकताई व विणकामाची गिरणी उभी राहिली व पुढे तीत सु. ७०० कामगार काम करू लागले. गिरणीत मुकादम होता, पण उस्ताद नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५० च्या अधिनियमाने १० ते १८ वर्षे वयाच्या मुलांना, विशेषतः अनाथ व गरीब मुलांना, लेखी कराराने कारागिराच्या हाताखाली ठेवण्याची सोय केली होती. कराराची मुदत जास्तीत जास्त ७ वर्षे असे. निजामाच्या राज्यातील मराठवाड्याला तो अधिनियम लागू नव्हता.

आधुनिक व्यवस्थेचा पाया दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घातला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री (१९४२–४६) असताना तांत्रिक प्रशिक्षणाचा विषय त्यांच्या खात्याकडे होता आणि पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय १९४५ मध्ये याच खात्याखाली निघाले. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. ते व्यवसायशिक्षणाचे नव्हते, परंतु खेड्यातून आलेल्या मुलाला वर्गाइतकीच वसतिगृहाची गरज असते, हे नागसेनवनातील व्यवस्थेने मराठवाड्याला दाखवून दिले. १९५६ मध्ये औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे दैनंदिन प्रशासन राज्यांकडे सोपविण्यात आले आणि मराठवाडाही त्याच वर्षी मुंबई राज्यात समाविष्ट झाला.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने (अंमल १ मार्च १९६२ पासून) करार, विद्यावेतन, आरोग्य व अपघात-भरपाई यांच्या तरतुदी केल्या. या अधिनियमानुसार उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे. कारखान्यातील कामाला पूरक असे सैद्धांतिक ‘संबंधित शिक्षण’ त्याला मिळावे, त्या वर्गांचा वेळ कामाच्या वेतनी काळात धरावा व प्रशिक्षणावर विहित पात्रतेच्या व्यक्तीची देखरेख असावी, अशा तरतुदी त्यात आहेत. १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती व जमातींसाठी जागा राखून ठेवल्या. करारात तशी अट नसल्यास प्रशिक्षणानंतर नोकरी देणे मात्र मालकावर बंधनकारक ठेवले नव्हते. ‘उमेदवार’ या फार्सी शब्दाचा अर्थ ‘आशा बाळगणारा’ असा आहे. त्याची आशा कायद्याने त्याच्याच पदरी ठेवली.

प्रत्यक्ष अडचण वेगळ्या ठिकाणी येते. जोडारी, कातारी, यंत्रकारागीर किंवा वीजतंत्री या व्यवसायांच्या उमेदवाराचा हात कानशीवर वा लेथवर लवकर बसतो. तो अडतो तो कार्यशाळा गणितात आणि अभियांत्रिकी आरेखनात. अपूर्णांक कच्चे राहिलेल्या मुलाला व्हर्निअरवरील माप वाचता येत नाही आणि सपाट कागदावरील तीन दृश्यांतून घन वस्तू डोळ्यांपुढे उभी करणे त्याहून कठीण जाते. अशा वेळी शिल्प निदेशकाने स्वतंत्र वेळ देऊन शिकविले, तरच तो पुढे सरकतो. ही मदत निदेशकाच्या वृत्तीवर अवलंबून राहते आणि तुकडी मोठी झाली की तीच प्रथम बंद पडते. शहरात खोली परवडत नाही म्हणून रोज गावाहून ये-जा करणाऱ्या मुलाच्या वाट्याला ती आणखीच कमी येते.

नोकऱ्या व विकास यांच्या मागणीसाठी १९७४ मध्ये मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. त्यानंतर वि. म. दांडेकर समितीने (१९८३–८४) राज्याचा प्रादेशिक अनुशेष ३,१८६·७७ कोटी रुपये व त्यांतील मराठवाड्याचा वाटा ७५०·८५ कोटी रुपये ठरविला. तांत्रिक शिक्षण हे समितीने विचारात घेतलेल्या क्षेत्रांपैकी एक होते. अनुशेष इमारती, यंत्रे व जागा यांत मोजता येतो. शिकवणीचा अनुशेष अशा कोष्टकात बसत नाही.

चिकलठाण्यामागोमाग वाळूज औद्योगिक क्षेत्र वाढले आणि १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तेथे सुरू झाल्यावर सुटे भाग पुरविणारे लहान उद्योग मोठ्या संख्येने उभे राहिले. जर्मन साहाय्याने स्थापन झालेल्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये उत्पादन व प्रशिक्षण एकाच छताखाली आले. जर्मनीत उमेदवार कारखाना व व्यवसायशाळा या दोन्ही ठिकाणी शिकतो आणि १९६९ च्या कायद्याने त्याला शिकविणाऱ्याची पात्रताही ठरवून दिली आहे. वाळूजमधील चार-पाच यंत्रांच्या कारखान्यात हे साधणे अवघड, कारण तेथे अनुभवी कारागीर स्वतःच्या यंत्रावरून उठला की उत्पादन थांबते.

अधिनियमातील कारावासाची शिक्षा २०१४ च्या दुरुस्तीने रद्द होऊन तिच्या जागी दंड आला. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल दरमहा १,५०० रुपये, भार केंद्र शासनाने उचलला. महाराष्ट्राच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार दरमहा ६,०००, ८,००० व १०,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. या योजनांचा भर विद्यावेतन व कामाचा अनुभव यांवर आहे. हिमरूचे थोडे माग शहरात टिकून राहिले असून गॅरेजमध्ये काम शिकणारी मुले मुख्य कारागिराला अद्यापि ‘उस्ताद’ म्हणूनच हाक मारतात.