मुंबईची पेटी

१/ एकोणिसाव्या शतकात विलायतेला परतणारे इंग्रज मुंबईहून आप्तांसाठी भेट म्हणून नक्षीदार चंदनी पेटी नेत. तिचे नावच ‘बॉम्बे बॉक्स’ पडले.

२/ ही नक्षी रंगवलेली नसे, कोरलेलीही नसे. हस्तिदंत, आबनूस, शिंग व कथील यांच्या बारीक कांड्यांची जुडी सरसाने चिकटवून ती करवतीने आडवी कापत. प्रत्येक पातळ चकतीत तेच फूल उमटे. या चकत्या पेटीवर बसवीत. हेच सादेली काम.

३/ जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या ग्रंथात या कलेचे मूळ इराणातील शिराझला जोडले. आज सुरतेत मोजकेच कारागीर ती जपतात. जुन्या पेट्या लंडनच्या संग्रहालयात आहेत; त्यांना शहराचे नाव मिळाले, घडवणाऱ्याचे मात्र बहुधा नाही.